शुक्र-गुरूची युती रंकाळ्यावरून टिपायची आहे : जागा, दिशा आणि एक्स्पोजरबद्दल मार्गदर्शन हवे

रंकाळाकाठ

नमस्कार. येत्या ९ जून २०२६ च्या संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि गुरू एकमेकांपासून साधारण दीड अंशावर येणार आहेत. कोल्हापूरची ओळख पटेल असे काहीतरी खाली आणि वर हे दोन ग्रह, असे छायाचित्र काढावे अशी इच्छा आहे. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स, आणि थोडा हलका पण बऱ्यापैकी स्थिर असा ट्रायपॉड आहे.

सराव म्हणून गेल्या आठवड्यात रंकाळ्याच्या पूर्वेकडच्या काठावरून एकट्या शुक्राचे फोटो काढून पाहिले आणि निराश होऊन परतलो. १८ मिलिमीटरवर १५ सेकंदांचे एक्स्पोजर दिले, तर शुक्राचा पांढरा गोळा झाला आणि शालिनी पॅलेसच्या बाजूचे दिवे जळून गेले. एक्स्पोजर कमी केले, तर शुक्र नेटका आला, पण तलाव, झाडी, इमारत सगळे काळे झाले. मग २५० मिलिमीटरवर ८ सेकंद देऊन पाहिले, तेव्हा शुक्राच्या जागी एक तिरपी रेघ उमटली. शिवाय १८ मिलिमीटरच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत वरच्या उजव्या कोपऱ्याकडे एक फिकट हिरवा ठिपका दिसतो आहे. त्या जागी आकाशात कोणता ग्रह आहे हे मोबाइलवरच्या ॲपमध्ये शोधले, पण तिथे काहीच नाही.

दुसरा प्रश्न जागेचा आहे. चैत्र यात्रेच्या वेळी जोतिबाला गेलो होतो आणि तेव्हापासून मनात आहे, की शहरातून जोतिबाचा डोंगर दिसतो त्याच्या माथ्यावर हे दोन ग्रह टेकलेले असताना फोटो मिळावा. घराच्या गच्चीवरून डोंगर स्वच्छ दिसतो, त्यामुळे कुठे जायचीही गरज पडणार नाही. हे शक्य आहे का, आणि त्यासाठी किती वाजता तयार राहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दिगंश

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक झाली तर पहिल्याचे उत्तर मिळूनही उपयोग नाही. कोल्हापूर शहरातून जोतिबाच्या माथ्यावर कोणताही ग्रह कधीच टेकणार नाही. ९ जूनलाही नाही आणि पुढेही नाही.

कारण असे. ग्रह क्षितिजावर कुठे मावळणार हे त्याच्या क्रांतीवर, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून तो किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे यावर ठरते. ग्रह क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेला, धरूनच फिरतात, त्यामुळे त्यांची क्रांती साडेतेवीस अंशांच्या फार पलीकडे जात नाही. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर. हे दोन आकडे मांडून गणित केले, की ग्रह साधारण २९५, फार तर ३०० अंश दिगंशापर्यंत उत्तरेकडे सरकून मावळू शकतो, असे उत्तर येते. (दिगंश उत्तरेपासून उजवीकडे मोजतात, पश्चिम म्हणजे २७०, वायव्य ३१५.) शहरातून पाहिले तर जोतिबा वायव्येच्याही पुढे, सुमारे ३३० अंशांवर आहे. पन्हाळासुद्धा ३१५ च्या आसपास पडतो. ग्रहांची वाट त्या बाजूला जातच नाही. गच्चीवर रात्रभर बसलात तर जोतिबाच्या माथ्यावर तारे मावळताना मिळतील, ग्रह मिळणार नाहीत.

डोंगर हवाच असेल तर आपण जागा बदलावी. पुणे-बेंगळुरू महामार्गाने टोपपासून पुढे पेठ वडगावकडे गेले, की तोच जोतिबा हळूहळू पश्चिमेला सरकतो, आणि त्या पट्ट्यात कुठेतरी तो २९० अंशांवर सापडेल. नेमके ठिकाण नकाशावर रेघ ओढून काढा. मात्र तिथून डोंगराचा माथा क्षितिजापासून दीड-दोन अंशच वर असतो, आणि इतक्या खाली उतरलेल्या ग्रहाचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना डोक्यावरच्या आकाशाच्या तुलनेत सुमारे वीसपट हवेतून येतो. शुक्र तग धरेल, गुरूबद्दल मला खात्री वाटत नाही. दोन्ही ग्रह हवे असतील तर त्यांना निदान दहा अंश उंचीवर असतानाच टिपावे, असे माझे मत आहे.

म्हणून रंकाळाच बरा. पूर्वेकडच्या काठावरून शालिनी पॅलेस पश्चिम आणि वायव्य यांच्या मधोमध दिसतो, आणि ९ जूनचे ग्रहही तिकडेच उतरणार आहेत. माझ्या गणिताप्रमाणे त्या दिवशी सूर्यास्त संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या आसपास आहे. ८ वाजता ग्रह सुमारे २३ अंश उंचीवर असतील, साडेआठला १६-१७ अंशांवर, ९ वाजता १० अंशांवर, आणि पावणेदहाच्या सुमारास २९३ अंशांजवळ मावळतील. उंची मोजण्यासाठी उपकरण लागत नाही; हात पूर्ण ताणून मूठ धरली, की ती सुमारे दहा अंश झाकते.

याहून सोपी रंगीत तालीम सांगतो, आणि कोल्हापूरकराला ती पटायला वेळ लागू नये. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपण पाहिला असेल. नोव्हेंबरच्या ९-११ तारखांना आणि जानेवारीअखेर मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात. या दोन्ही वेळी सूर्याची क्रांती दक्षिणेकडे १७ अंशांच्या आसपास असते, म्हणून तो दोन्ही वेळा क्षितिजावर त्याच जागी मावळतो. हेच तत्त्व इथे लावा. ९ जूनला शुक्र-गुरूची क्रांती उत्तरेकडे सुमारे २२ अंश आहे, आणि सूर्याची तेवढीच क्रांती १ जूनच्या आसपास असते. म्हणजे मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत सूर्य ज्या वाटेने रंकाळ्यापलीकडे उतरतो, जवळजवळ त्याच वाटेने हे ग्रह उतरतील. त्या दिवसांत सूर्यास्ताच्या सव्वा तास आधी काठावर जा. सूर्य तेव्हा साधारण १६ अंशांवर असतो. तो ज्या जागेवरून पॅलेसच्या मनोऱ्यापाशी हवा तसा दिसतो, तिथे उभे राहून चौकट ठरवा आणि ती जागा लक्षात ठेवा. (सूर्याकडे व्ह्यूफाइंडरमधून थेट पाहू नये, स्क्रीनवरही त्याला फार वेळ ठेवू नये.) दिवसाउजेडी ही तयारी झाली, की अंधारात चाचपडावे लागत नाही.

जुनी_रीळ

दिगंश यांनी आकाशाची बाजू सांगितली आहे, मी कॅमेऱ्याची सांगतो.

आधी हिरवा ठिपका, कारण त्याने आपल्याला उगाच छळले आहे. तो ग्रह नाही, काठावरच्या एखाद्या दिव्याचे लेन्सच्या आत परावर्तन होऊन उमटलेले भूत आहे. पडताळा अगदी सोपा. फोटोच्या मध्यबिंदूतून त्या ठिपक्यापासून सरळ रेघ ओढा आणि तितक्याच अंतरावर पलीकडे पाहा. तिथे खालच्या डाव्या कोपऱ्यात एखादा भगभगीत दिवा नक्की सापडेल. लेन्सवर संरक्षक काच लावलेली असेल तर ती काढा, कारण अशी बरीच भुते तिच्यामुळे येतात. तरीही राहिला तर दोन पावले सरकून तो दिवा चौकटीबाहेर घालवा.

आता शुक्राचा गोळा का झाला ते पाहू. १८ मिलिमीटरच्या लेन्सवर ग्रहाचे बिंब सेन्सरवर केवढे उमटते याचा हिशेब आपण एकदा स्वतः करावा. युतीच्या दिवशी गुरूचे बिंब सुमारे ३३ विकलांचे असेल (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). १८ मिलिमीटरला ते जेमतेम ३ मायक्रॉनचे पडते, आणि आपल्या सेन्सरचा एक पिक्सेल त्याहून मोठा, सुमारे ३.९ मायक्रॉनचा असतो. म्हणजे ग्रह एका पिक्सेलात मावूनही जागा उरते. फोटोत दिसणारा गोळा ग्रहाच्या आकाराचा नसतोच. जास्त पडलेला प्रकाश, लेन्सचे दोष आणि हवेतली धूळ यांनी मिळून तो फुगवलेला असतो. गंमत अशी, की त्या दिवशी गुरूचे बिंब शुक्राच्या बिंबाच्या दुपटीहून मोठे असणार, आणि तरीही फोटोत शुक्रच मोठा दिसणार, कारण तो कितीतरी अधिक तेजस्वी आहे. शुक्राची प्रत (तेजाचे माप, जितके अधिक उणे तितके अधिक तेज) उणे ४ च्या आसपास, गुरूची उणे २ च्या अलीकडे. त्यामुळे "ग्रह लहान आला" अशी हळहळ बाळगू नये. रुंद चौकटीत तो टोकदार ठिपका म्हणून यावा, एवढेच साधायचे असते.

तिरप्या रेघेचे कारण पृथ्वीचे फिरणे. आकाश सेकंदाला जवळजवळ १५ विकला सरकते. २५० मिलिमीटरवर आपला एक पिक्सेल सुमारे ३ विकला व्यापतो, म्हणजे एका सेकंदात ग्रह ४-५ पिक्सेल ओलांडतो. आठ सेकंदांत पस्तीसएक झाले, तीच आपली रेघ. त्या लेन्सवर अर्ध्या सेकंदाच्या वर जाऊ नये; ३५ मिलिमीटरवर ४-५ सेकंद चालतात, १८ वर ८ पर्यंत. जास्तीत जास्त किती सेकंद द्यावेत यासाठी इंटरनेटवर ५०० ला फोकल लेंग्थने भागण्याचा नियम सांगतात, तो फिल्मच्या आणि लहान प्रिंटच्या काळात ठीक होता. २४ मेगापिक्सेलवर त्याच्या भरवशावर राहिलात तर ठिपक्याची शेंग होते.

आपली खरी अडचण मात्र वेळेची आहे. पूर्ण अंधार झाल्यावर ग्रह आणि जमीन यांच्यातल्या प्रकाशाची दरी एका फोटोत भरून निघत नाही. सूर्यास्तानंतर अर्धा ते पाऊण तास या संधिप्रकाशात मात्र आकाश गडद निळे असते, इमारतीची कड आणि झाडांचा आकार ओळखू येतो, आणि दोन्ही ग्रह लख्ख दिसतात. साडेसातच्या सुमारास एफ/४.५, आयएसओ ४००, २ सेकंद इथून सुरुवात करा आणि प्रत्येक फोटोनंतर हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहत वाढवत जा. अंधार पडू लागला की आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत न्या, शटर मात्र वरच्या मर्यादेतच ठेवा. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढावेत. जेपीजीमधल्या काळ्यातून झाडी परत निघत नाही.

फोकस हाताने करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये शुक्र दहापट मोठा करून त्याचा ठिपका सर्वांत लहान होईपर्यंत कडे फिरवा, आणि मग त्या कड्याला हात लावू नका. एका युतीच्या वेळी माझी सगळी संध्याकाळ ऑटोफोकसने घालवली. दर फोटोला लेन्स पुढे-मागे घरघरत होती, आणि मी मात्र दर वेळी स्क्रीनच्या छोट्या चित्रावर समाधान मानत होतो. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले तर एकही फोटो धारदार नव्हता. ट्रायपॉडवर असताना लेन्समधली कंपनरोधक यंत्रणा बंद ठेवावी, ती रिकामीच थरथरते. आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, बटण दाबण्याचा धक्का तेवढ्या वेळात विरतो.

एक गोष्ट माझ्या वहीतून. शुक्र दर आठ वर्षांनी जवळजवळ त्याच तारखांना आकाशात त्याच जागी परततो, दोन-अडीच दिवसांचा फरक सोडला तर. त्यामुळे जून २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यातला शुक्र हा आपल्या ९ जूनच्या शुक्राचाच जुना अवतार समजावा. त्या आठवड्यात मी चार संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो होतो. वहीत तीन दिवसांपुढे "ढग" एवढेच लिहिले आहे. चौथ्या दिवशी आठच्या सुमारास पॅलेसच्या वरच्या बाजूला दहाएक मिनिटांची फट मिळाली. शुक्र दोन मुठींहून थोडा वर होता आणि त्याची पाण्यातली रेघ थेट माझ्या पायाशी येत होती. त्या दहा मिनिटांत सहाच फोटो झाले, त्यांतला एक बरा आहे. गुरू तेव्हा दुसरीकडे होता, त्यामुळे ती चौकट अर्धीच म्हणायची.

रंकाळाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. जोतिबाचा नाद सोडला आहे. हिरव्या ठिपक्याची रेघ ओढून पाहिली. समोरच्या कोपऱ्यात खरोखरच दिवा निघाला.

काल संध्याकाळी काठावर जाऊन मोबाइलच्या होकायंत्राने पॅलेसची दिशा मोजली. पहिल्यांदा ३०८ आली आणि पोटात गोळाच आला. मग लक्षात आले, की मोबाइल मोटारसायकलच्या टाकीवर ठेवूनच मी मोजत होतो. गाडीपासून वीसएक पावले दूर जाऊन, मोबाइल आठच्या आकड्यासारखा फिरवून पुन्हा मोजले तर २९० च्या आसपास स्थिरावले. होकायंत्राच्या उत्तरेत आणि खऱ्या उत्तरेत जो फरक असतो, तो इथे धरावा लागेल का?

दोन शंका आणखी. जुनी_रीळ यांनी पाण्यातल्या रेघेचा उल्लेख केला आहे. मला दोन्ही ग्रहांचे प्रतिबिंबही चौकटीत हवे आहे, त्यासाठी कोणती लेन्स आणि कोणती वेळ धरावी? आणि दुसरी शंका थोडी संकोचाने विचारतो. इमारतीसाठी एक आणि ग्रहांसाठी एक असे दोन फोटो काढून जोडले, तर ते खोटे धरले जाते का? एका मित्राने तर २५० वर काढलेला मोठा गुरू १८ च्या फोटोत बसवून देतो असे सांगितले आहे.

मसाईवारा

मी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर बरीच वर्षे रात्री कॅमेरा घेऊन जातो, म्हणून हवेबद्दल चार शब्द.

९ जून ही तारीख कोल्हापुरात वाईट आहे, हे आधी मान्य करून टाकावे. मॉन्सून त्याच सुमारास दारात असतो. त्यामुळे एका तारखेवर सगळी मदार ठेवू नये. युती म्हणजे काही एका रात्रीचा खेळ नव्हे. शुक्र गुरूच्या तुलनेत रोज सुमारे एक अंश पुढे सरकतो, म्हणजे ५ ते १३ जून या काळात दोघे चार-पाच अंशांच्या आतच राहतील आणि ३५ मिलिमीटरच्या चौकटीत ते सहज जोडीने दिसतील. बुधही त्याच दिवसांत त्यांच्या खाली, क्षितिजाच्या बाजूला असेल. अधिक ज्येष्ठाचा वद्य पक्ष चालू असल्यामुळे ९ च्या संध्याकाळी चंद्राचा उजेडही नाही.

त्याहून भरवशाची संधी मेमध्ये आहे. १८ मेच्या संध्याकाळी बारीक चंद्रकोर शुक्राच्या खाली असेल, १९ ला ती त्याच्या वर गेलेली असेल, आणि २० ला गुरूच्या शेजारी. युतीइतके ग्रह जवळ नसतील, पण चौकट म्हणून मला चंद्रकोरीची संध्याकाळ अधिक आवडते. वळीव दुपारी येऊन गेला असेल तर सोन्याहून पिवळे, कारण उन्हाळाभर साचलेली धूळ खाली बसते आणि पश्चिम धुतल्यासारखी होते. वळीव संध्याकाळी आला तर मात्र घरी बसावे. विजा चमकत असताना उघड्या काठावर ट्रायपॉड उभारून थांबण्यात शहाणपण नाही.

हवेचा धडा मला २१ डिसेंबर २०२० ला मिळाला. गुरू आणि शनी त्या संध्याकाळी अवघ्या सहा कलांवर, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागावर, आले होते. मी पंचगंगेच्या काठी उसाच्या रानात जागा धरली होती, पश्चिम अगदी मोकळी. पण हंगाम गुऱ्हाळांचा. चुलवाणात चिपाडाचा झोका गेला, की धुराचा लोट सरळ वर चढायचा आणि झाडांच्या शेंड्यांच्या थोडा वर जाऊन छताला अडल्यासारखा आडवा पसरायचा. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, म्हणून धूर त्या थराला भेदून वर जात नाही. संध्याकाळ उतरत गेली तसा तो पट्टा दाट होत गेला. ग्रह पाच-सहा अंशांवर आले तेव्हा गुरू तांबूस ठिपका होऊन कसाबसा दिसत होता आणि शनी त्यात बुडून गेला होता. ती जागा गुऱ्हाळाच्या वाऱ्याखाली आहे, हे मी दिवसा पाहायला हवे होते. सुदैवाने मे-जूनमध्ये ऊस गाळप संपलेले असते, त्यामुळे आपल्याला धुराची नाही, धुळीची आणि दमट हवेचीच चिंता करायची आहे.

मसाई पठारावर यावे का, असे कोणी विचारण्याआधीच सांगतो. मेमध्ये जरूर यावे. तिथून शहराचा उजेड आग्नेयेला, म्हणजे पाठीशी राहतो आणि पश्चिम काळीशार मिळते. जूनमध्ये मात्र येऊ नये, कारण रंकाळ्यावर चांदणे असते तेव्हा पठारावर धुके बसलेले असते आणि जांभ्यावरचे शेवाळ पाय टिकू देत नाही. त्या भागात गव्यांचा वावर असतो, म्हणून एकट्याने तर कधीच जाऊ नये.

दिगंश

होकायंत्राबद्दल : कोल्हापूर परिसरात तो फरक एका अंशाच्या आसपासच आहे, आपल्या कामासाठी तो सोडून दिला तरी चालेल. मोटारसायकलचा फरक मोठा होता, तो आपण ओळखला हे बरे झाले.

प्रतिबिंबाचे गणित फार सुंदर आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ग्रह क्षितिजाच्या जितका वर, त्याचे प्रतिबिंब तितकेच अंश खाली. साडेआठला ग्रह १६ अंशांवर असतील, तर प्रतिबिंबासह ३२ अंश उभ्या चौकटीत बसवायचे आहेत. आपला कॅमेरा उभा धरला, तर ३५ मिलिमीटरवर उभी चौकट सुमारे ३७ अंशांची मिळते. वर-खाली थोडीच जागा राहील, पण बसेल. नऊ वाजता वीसच अंश लागतील, तेव्हा ५० मिलिमीटर चालेल. आठ वाजता मात्र २४-२५ मिलिमीटरपर्यंत खाली जावे लागेल.

पाणी सगळ्या कोनांत सारखे चमकत नाही. ३० अंश उंचीवरून येणाऱ्या प्रकाशापैकी शांत पाणी जेमतेम ६ टक्के परत पाठवते, २० अंशांवरून सुमारे १३ टक्के, आणि १० अंशांवरून ३५ टक्क्यांपर्यंत. म्हणून ग्रह जितके खाली उतरतील तितके प्रतिबिंब उजळ होईल, पण ग्रह स्वतः हवेत मंदावत जातील. माझ्या मते साडेआठ ते पावणेनऊ ही वेळ दोन्ही बाजूंनी सोयीची आहे. तेव्हा संधिप्रकाश जवळपास संपलेला असेल, त्यामुळे इमारतीसाठी वेगळा विचार करावा लागेल. तो प्रश्न मी जुनी_रीळ यांच्यावर सोडतो.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. प्रतिबिंब तलावाच्या मध्यावर पडलेले भासते, पण ज्या पाण्यावरून तो प्रकाश आपल्याकडे वळतो ते पाणी अगदी जवळचे असते. कॅमेरा पाण्यापासून २ मीटर उंच असेल आणि ग्रह १६ अंशांवर असेल, तर ती जागा आपल्यापासून फक्त ७ मीटरवर असते. १० अंशांवर असेल तर ११ मीटरवर. त्यामुळे तलावाच्या मध्ये वारा आहे की नाही याला फारसा अर्थ नाही. आपल्या पायापुढचे दहा-बारा मीटर पाणी शांत आणि मोकळे हवे. तिथे केंदाळ अडकलेले असेल, तर ग्रहाचे प्रतिबिंब त्यात गडप होईल आणि पलीकडच्या दिव्यांचे मात्र दिसत राहील. हलक्या लाटा असल्या तर ठिपक्याऐवजी उभी रेघ येते, ती वाईट दिसत नाही.

जुनी_रीळ

जोडकामाबद्दल माझे मत स्पष्ट आहे, इतरांचे वेगळे असू शकते. ट्रायपॉड न हलवता, त्याच लेन्सवर, त्याच संध्याकाळी साडेसातला इमारतीसाठी आणि साडेआठला ग्रहांसाठी फोटो काढून एकत्र केले, तर मला त्यात खोटेपणा वाटत नाही; फक्त फोटोखाली तसे लिहावे. फिल्मवर आम्ही हेच एका फ्रेमवर दोनदा शटर उघडून करत होतो. संधिप्रकाशातल्या फोटोतही ग्रह दिसत असतील, तेवढे तिथून पुसावे लागतील, नाहीतर आकाशात दोन शुक्र आणि दोन गुरू होतील. मी एकदा असा फोटो लोकांना दाखवूनही बसलो आहे.

मित्राचा मोठा गुरू मात्र नम्रपणे नाकारा. १८ मिलिमीटरच्या आकाशात २५० चा गुरू बसवला, की पाहणाऱ्याला तो चौदा पट मोठा दाखवला जातो, आणि शेजारच्या पॅलेसचा मनोरा मात्र आहे तेवढाच राहतो. २५० चा उपयोग वेगळा करा. त्या लेन्सवर चौकट साडेपाच अंशांची मिळते, त्यात दोन्ही ग्रह आरामात मावतात. अर्धा सेकंद, आयएसओ ८०० वर गुरूच्या दोन्ही बाजूंना त्याच्या चंद्रांचे बारीक ठिपके एका ओळीत उमटतात. शुक्र त्यात जळणारच, त्याची पर्वा करू नका. तो फोटो स्वतंत्र ठेवा आणि रंकाळ्याच्या फोटोशेजारी लावा.

मसाईवारा यांच्या तारखांना एक जोड देतो. १७ जूनला चंद्रकोर पुन्हा शुक्राखाली येते आहे, ढगांनी उसंत दिली तर तीही संध्याकाळ सोडू नका. त्यानंतर गुरू रोज खाली जाणार, २९ जुलैला तो सूर्यामागे आहे. पंचांगात "गुरूचा लोप" असे लिहिलेले दिसेल तेव्हा त्याचा पाठलाग थांबवावा. मुहूर्त पाहणाऱ्यांइतकाच तो शेरा आपल्यालाही उपयोगी आहे. शुक्र ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत संध्याकाळी राहील.

आणि दिगंश म्हणतात तसे पाण्यालगत उतरणार असाल, तर दिवसा जाऊन पायऱ्या पाहून ठेवा. पाण्याला टेकलेली शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी शेवाळलेली असते. ट्रायपॉडचा पुढचा पाय तिच्यावर ठेवू नका, एक पायरी वरच राहा.